भांडण पेटंटचं, पण सोय जाते आपली

निळीशाई (धागाकर्ती)

परवा भाचीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ फोनमधून संगणकावर घेतला. फाइल उघडली तर आवाज स्वच्छ येतोय, बहिणीचं "ये, ये, अशी ये" ऐकू येतंय, आणि चित्राच्या जागी नुसता काळा पडदा. फाइल खराब झाली असेल म्हणून पुन्हा कॉपी केली. केबल बदलली. संगणक बंद करून चालू केला. तिसऱ्या वेळी खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरांतला निरोप दिसला: हा व्हिडिओ पाहण्यासाठी एक जादा घटक लागेल, तो विकत घ्या. फोन नवा, संगणक नवा, दोन्हींचे पूर्ण पैसे मोजलेले. तरी घरच्या मुलीचा, घरच्या माणसाने काढलेला व्हिडिओ बघायला पुन्हा पैसे.

शोधत गेल्यावर कळलं की माझ्या यंत्रात बिघाड काहीच नव्हता. व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने दाबून लहान केलेला होता. ती उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरवर ढीगभर पेटंटं आहेत, त्यांचं परवानाशुल्क कोणी भरायचं हा प्रश्न आहे, आणि तो शेवटी माझ्यापर्यंत घरंगळत आला आहे.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचते आहे. दोन कंपन्या कोर्टात जातात. एक जिंकते, एक हरते, किंवा दोघी तडजोड करतात. बातमीत रक्कम येते. त्यानंतर कुठल्यातरी सकाळी आपल्या फोनवरचं एक बटण नाहीसं होतं आणि अपडेटच्या नोंदीत लिहिलेलं असतं, "किरकोळ सुधारणा". ज्याचं बटण गेलं त्याला खटल्याची नोटीस नव्हती, त्याचं म्हणणं कोणी ऐकलं नाही आणि त्याला कारणही कळत नाही.

सॉफ्टवेअरला पेटंट असावं की नसावं, या वादात मला पडायचं नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. मला या न सांगण्याबद्दल बोलायचं आहे. तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर सविस्तर लिहा.

पेंग्विनप्रेमी

चांगला विषय काढलात. आधी कामाचं सांगतो. व्हिडिओ शाबूत आहे, मूळ फाइल पुसू नका. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाका, त्यात उलगडणारा भाग आतच असतो. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे "मोस्ट कम्पॅटिबल" निवडलं की पुढचे व्हिडिओ जुन्या एच.२६४ पद्धतीत निघतात. जागा जास्त खातात, पण कुठेही उघडतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अशी निवड असते.

आता हे असं का झालं ते. एचईव्हीसीचं मानक २०१३ मध्ये ठरलं. त्यातली पेटंटं एका ठिकाणी मिळाली असती तर एक शुल्क भरून विषय संपला असता. पण एमपीईजी एलए, एचईव्हीसी ॲडव्हान्स आणि पुढे व्हेलॉस मीडिया असे पेटंटधारकांचे तीन वेगवेगळे समूह तयार झाले, आणि काही पेटंटधारक तिन्हींच्या बाहेर राहिले. म्हणजे सगळ्या घरांचं भाडं भरलं तरी एखादा मालक मागून येणार नाही याची खात्री नाही. असल्या गोंधळाला कंटाळूनच २०१५ मध्ये गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, सिस्को, इंटेल वगैरे मंडळी एकत्र आली आणि २०१८ मध्ये एव्ही१ ही स्वामित्वशुल्काविना वापरता येणारी पद्धत आली.

लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली वापरणाऱ्यांना हा अनुभव फार जुना. कित्येक वर्षं फेडोरासारखी वितरणं, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या, एमपी३ वाजवणारा भाग न घालताच यायची, कारण त्यावर फ्राउनहोफर ही जर्मन संशोधन संस्था आणि टेक्निकलर ही कंपनी यांचा परवाना लागायचा. नव्या माणसाला लिनक्स टाकून दिलं की पहिलाच प्रश्न, "गाणी का वाजत नाहीत?" तो परवाना कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ ला बंद झाला. तोवर कितीतरी लोक "लिनक्सवर गाणीसुद्धा लागत नाहीत" असं मनाशी पक्कं करून परत गेले होते. त्यांना पेटंट हा शब्दही कोणी सांगितला नव्हता. दोष लिनक्सच्या माथी बसला.

कळफलक

मी त्या काळात संकेतस्थळं बनवायचो, म्हणून एक आठवण.

२००६ च्या वसंतात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरला एक अपडेट आलं. त्यानंतर पानातला कुठलाही फ्लॅशचा (तेव्हा हलती चित्रं आणि खेळ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) खेळ, चालती जाहिरात, व्हिडिओ एका क्लिकने सुरू होईना. माउस वर नेला की भोवती एक चौकट उमटायची आणि निरोप यायचा, की हे नियंत्रण वापरण्यासाठी आधी क्लिक करून सक्रिय करा. म्हणजे पहिलं क्लिक फक्त जागं करायला, दुसरं खरं कामाचं. लोकांना वाटायचं माउस बिघडला. काहींना वाटायचं व्हायरस आहे. आमच्याकडे ग्राहकांचे फोन यायचे की तुमचं पान अडकतं.

कारण होतं इओलास नावाच्या छोट्या कंपनीचा खटला. पानाच्या आत एखादा चालता कार्यक्रम बसवायचा, या कल्पनेचं पेटंट कॅलिफोर्निया विद्यापीठाला १९९८ मध्ये मिळालं होतं आणि इओलासकडे त्याचे हक्क होते. १९९९ मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, आणि २००३ मध्ये ज्यूरीने सुमारे ५२ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी स्वतः अमेरिकी पेटंट कार्यालयाला पत्र लिहून हे पेटंट पुन्हा तपासायची विनंती केली. खटला चालूच राहिला. पेटंटाच्या शब्दांत सापडू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने ते जादा क्लिक घातलं.

खरी गंमत तर पुढे आहे, म्हणजे मला तेव्हा ती गंमत वाटली नव्हती, रागच आला होता. तोच फ्लॅशचा तुकडा पानात थेट न लिहिता बाहेरच्या जावास्क्रिप्टच्या फाइलमधून आणला, की जादा क्लिक लागायचं नाही. पडद्यावर दिसायला दोन्ही तंतोतंत सारखं. मग आम्ही रात्री बसून एकेक पान उघडायचो, तो तुकडा कापायचो, वेगळ्या फाइलमध्ये टाकायचो, पुन्हा तपासायचो. ज्यांच्या संकेतस्थळाला सांभाळणारं कोणी नव्हतं, त्यांची पानं दोन वर्षं दोन क्लिकनेच चालली. २००७ मध्ये तडजोड झाली, एप्रिल २००८ मध्ये ते क्लिक गेलं. आणि २०१२ मध्ये टेक्ससमधल्या टायलर इथल्या ज्यूरीने इओलासच्या पेटंटातले दावे अवैध ठरवले. तिथेही बर्नर्स-ली साक्ष द्यायला आले होते.

जे पेटंट शेवटी टिकलंच नाही, त्याच्यापायी जगभरच्या लोकांनी दोन वर्षं किती जादा क्लिक केली असतील, याचा हिशेब कुठल्याच निकालपत्रात नाही.

रानवारा

बाप रे. मला तो चौकटीचा निरोप स्पष्ट आठवतो! इतकी वर्षं मी समजत होते की ती सुरक्षेची सोय होती.

शोधक

थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण धागा एकाच दिशेने चालला आहे.

मी स्वतः संशोधनाच्या क्षेत्रात आहे. एमपी३ कोणाच्या डोक्यातून एका संध्याकाळी निघालेलं नाही. माणसाच्या कानाला काय ऐकू येतं आणि काय गाळलं तर कळत नाही, यावर वर्षानुवर्षं काम झालं, मग ते छोट्या फाइलचं रूप आलं. त्याचा मोबदला संस्थेला मिळाला आणि तो पुढच्या संशोधनात गेला, यात मला वावगं दिसत नाही. टोरांटोच्या आय४आय या लहान कंपनीचंही उदाहरण घ्या. दस्तऐवजातला मजकूर आणि त्याची रचना सांगणाऱ्या खुणा वेगळ्या ठेवण्याची त्यांची पद्धत मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये वापरली गेली असा त्यांचा दावा होता. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ कोटी डॉलरचा निकाल त्यांच्या बाजूने कायम केला. पेटंट नसतं तर एवढ्याशा कंपनीने मायक्रोसॉफ्टसमोर उभं राहायचं कशाच्या बळावर?

वापरणाऱ्याचं नुकसान होतं हे मान्य. पण त्याचा राग पेटंटधारकावर काढण्याआधी, परवाना न घेता ती सोय विकली कोणी, हेही विचारायला हवं.

निळीशाई

शोधक, पटलं. परवाना न घेता विकणाऱ्याला विचारायलाच हवं. पण बघा, आय४आयच्या बाजूने खालच्या न्यायालयाने आधीच दिलेल्या निकालामुळे अमेरिकेत जानेवारी २०१० पासून विकल्या जाणाऱ्या वर्डमधून ती सोय काढली गेली. ज्याने नंतर वर्ड घेतलं, त्याच्या कार्यालयातल्या शेजारच्या टेबलावर जुन्या प्रतीत ती होती आणि याच्याकडे नव्हती. एक फाइल, दोन माणसं, दोन वेगळे परिणाम. यात त्या माणसाची चूक शोधून दाखवा.

स्वरमंडल

माझा विषय आवाजाचा, त्यामुळे स्पीकर बनवणारी सोनोस आणि गूगल यांचं प्रकरण मी जवळून पाहिलं.

घरात चार खोल्यांत चार स्पीकर, सगळ्यांवर एकच गाणं, आणि सगळ्यांचा आवाज एका पट्टीने कमीजास्त. ही सोय लोकांना इतकी सवयीची झाली होती की ती वेगळी सोय आहे हेच कोणाच्या लक्षात नव्हतं. सोनोसने २०२० मध्ये दावा लावला. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने गूगलने पाच पेटंटांचा भंग केल्याचा निर्णय दिला. लगेच गूगलने सॉफ्टवेअर बदललं. समूहाचा आवाज एकत्र बदलता येईना, प्रत्येक स्पीकरची पट्टी वेगळी सरकवावी लागू लागली. फोनच्या कडेचं बटण दाबून समूहाचा आवाज बदलायचा, तेही बंद झालं.

स्वयंपाक करताना हात पिठाचे असतात. दाराची घंटा वाजली की आवाज कमी करायला फोन पुसत, चार पट्ट्या एकेक करून खाली ओढायच्या. माहीत एवढंच की हे स्पीकर दुकानातून आणले तेव्हा असे नव्हते.

एवढं मात्र गूगलच्या बाजूने नोंदवायला हवं की कायदेशीर निर्णयामुळे हे बदल करतो आहोत असं त्यांनी उघड लिहिलं. पण लिहिलं ते त्यांच्या मदत-मंचावर, जिथे शंभरातला एखादाच जातो. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका न्यायालयात सोनोसच्या विरोधात निर्णय गेला आणि एकच स्पीकर अनेक समूहांत घालण्याची, मध्यंतरी काढलेली आणखी एक सोय परत आली. २०२५ मध्ये अपिलात तो निर्णयही फिरला. आपल्या घरातली आवाजाची पट्टी कोर्टाच्या तारखांबरोबर हलते आहे.

अवांतर: ॲपलच्या घड्याळातलं रक्तातल्या ऑक्सिजनचं मोजमाप असंच. मासिमो कंपनीशी वाद झाला, आणि जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या घड्याळांत ते सॉफ्टवेअरने बंद करून ठेवलं. आधी घेतलेल्यांचं चालूच राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळ्या रचनेने ते परत दिलं. तेच मॉडेल, आत तोच संवेदक, फक्त खरेदीची तारीख वेगळी.

कलमबंद

कायद्याच्या अंगाने थोडं. "वापरणारा खटल्यात पक्षकार नसतो" हे बहुतेक वेळा खरं आहे, पण तो कायद्याच्या कक्षेबाहेर आहे असं समजू नका. अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम २७१ मध्ये बनवणं आणि विकणं यांच्या जोडीला "वापरणं" हाही भंग धरला आहे. याचा फायदा घेणारे निघाले. एमपीएचजे नावाच्या कंपनीने कागद स्कॅन करून थेट ईमेलने पाठवण्याशी संबंधित पेटंटं विकत घेतली आणि २०१२-१३ मध्ये १६ हजारांहून अधिक छोट्या व्यवसायांना पत्रं धाडली. तुमच्या कार्यालयात स्कॅनर आहे, तो संगणकाच्या जाळ्याला जोडलेला आहे, तर दर कर्मचाऱ्यामागे सुमारे हजार डॉलर द्या. स्कॅनर बनवणाऱ्याला पत्र नाही, बटण दाबणाऱ्याला. व्हरमाँट राज्याने २०१३ मध्ये त्यांच्यावर दावा लावला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने फसव्या धमक्यांबद्दल त्यांना बांधून घेतलं.

कायदे हळूहळू आवळत गेले आहेत. युरोपीय संसदेने ६ जुलै २००५ ला सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. अमेरिकेत २०१४ च्या ॲलिस खटल्यानंतर नुसती जुनी कल्पना संगणकावर केली म्हणून पेटंट टिकत नाही. भारताच्या पेटंट कायद्यात कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारतं. पण तुम्ही राहता तिथे कायदा कसाही असो, कंपन्या बऱ्याचदा एकच सॉफ्टवेअर जगभर पाठवतात. मग दूरच्या कोर्टाचा निकाल अपडेटबरोबर सगळीकडे पोचतो.

रानवारा

म्हणजे छोट्या कार्यालयातल्या माणसाने करायचं काय? पत्र आलं की घाबरून पैसे भरणारेच जास्त असणार.

कलमबंद

लगेच उत्तर पाठवू नये, पैसे तर नाहीच. आधी स्कॅनर किंवा सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना कळवावं आणि वकिलाला दाखवावं. असं पत्र शेकडो जणांना एकाच मजकुराने गेलेलं असू शकतं.

एकटाकोडर

दोन दिवस हा धागा नुसता वाचत होतो. लिहू की नको असं चाललं होतं. मी दुसऱ्या बाजूला आहे, "किरकोळ सुधारणा" असं लिहिणाऱ्यांतला.

माझं औषधांच्या वेळा लक्षात ठेवणारं एक छोटं ॲप आहे. एकट्याने बनवलं, एकटाच सांभाळतो. त्यात एक सोय होती: दोन फोन जोडायचे, एकावर गोळी घेतल्याची खूण केली की दुसऱ्यावर दिसते. मुलगा एका गावी, आई दुसऱ्या गावी, अशा लोकांसाठी. ॲपमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी गोष्ट तीच होती.

एक दिवस एका कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. स्वतः ती काही बनवत नाही, पेटंटं बाळगते. दोन उपकरणांतल्या नोंदी जुळवण्याबद्दलचं एक पेटंट जोडलं होतं. मी ते चार वेळा वाचलं. भाषा अशी की त्यात माझं ॲपही बसेल आणि जगातली निम्मी सॉफ्टवेअरंही. वकील म्हणाले, तुम्ही बहुधा जिंकाल, पण जिंकेपर्यंत जो खर्च होईल तो ॲपच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाहून मोठा आहे. तडजोड केली. सोय काढली. करारात गुप्ततेचं कलम होतं.

अपडेटच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. एक तास बसलो. शेवटी लिहिलं, "किरकोळ सुधारणा आणि दुरुस्त्या."

दुसऱ्या दिवशी पहिला अभिप्राय आला. एका बाईंचा. "बाबांनी गोळी घेतली की मला कळायचं. आता कळत नाही. रोज रात्री फोन करून विचारावं लागतं, त्यांना वाटतं मी त्यांच्यावर पाळत ठेवते. चांगलं चाललेलं का काढलंत?" एक तारा.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. असं बरेच दिवस झालं. तो अभिप्राय अजून तसाच आहे, खाली उत्तर नाही. त्या बाईंना वाटत असेल की मला फरक पडत नाही.

स्वरमंडल

वाचून गलबललं. माझी आईसुद्धा असंच एक ॲप वापरते.

शोधक

एकटाकोडर, हे लिहिलंत म्हणून आभार. मी वर संशोधकांची बाजू मांडली, ती आजही मांडेन. पण तुम्ही सांगता त्यात संशोधक कुठेच नाही. तुमचे पैसे कोणाच्या प्रयोगशाळेत गेलेले नाहीत. हे माझ्या मुद्द्यात बसत नाही, आणि ते मी मान्य करतो.

निळीशाई

एकटाकोडर, एक विचारते, राग मानू नका. करारात नेमकं काय सांगायला बंदी आहे? कंपनीचं नाव? रक्कम? की पेटंटच्या कारणाने सोय काढली एवढंही बोलायचं नाही?

कलमबंद

हाच प्रश्न मी लिहिणार होतो. गुप्ततेची कलमं सहसा तडजोडीच्या अटी आणि रक्कम यांबद्दल असतात. तरी तुमचा करार मी पाहिलेला नाही. ज्यांनी तो केला त्या वकिलांनाच त्या कलमातला शब्दन् शब्द दाखवून विचारा. इथे करारातलं काही उतरवू नका.

एकटाकोडर

विचारतो. खरं सांगायचं तर तेव्हा मी इतका धास्तावलो होतो की सगळ्यालाच बंदी आहे असं धरून गप्प बसलो.

पेंग्विनप्रेमी

तोवर एक तांत्रिक सूचना. फोन थेट जोडण्याऐवजी, खूण केली की ठरलेल्या माणसाला साधा एसएमएस तयार होऊन पाठवायला विचारला तर? पाठवायचं बटण बाबाच दाबतील. पेटंटाच्या शब्दांत हे बसतं का ते वकिलांना त्याच भेटीत विचारता येईल.

एकटाकोडर

आठवड्याने लिहितो आहे. वकिलांशी बोललो. नाव, रक्कम आणि अटी सांगायच्या नाहीत. सोय कोणत्या प्रकारच्या कारणाने काढली, एवढं सांगायला हरकत नाही. एसएमएसच्या कल्पनेवर ते अजून वाचताहेत.

पुढच्या अपडेटच्या नोंदीत हे घालायचं ठरवलं आहे, आणि त्या बाईंच्या अभिप्रायाखालीही हेच. बघून सांगा:

"दोन फोन जोडण्याची सोय मी मागच्या आवृत्तीत काढली. ती बिघडली नव्हती. पेटंटविषयक कारणामुळे ती चालू ठेवता आली नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, याबद्दल माफ करा."

निळीशाई

"पेटंटविषयक कारणामुळे" हे सगळ्यांना कळेलच असं नाही. "दुसऱ्या कंपनीने पेटंटचा हक्क सांगितल्यामुळे" असं चालेल का, ते वकिलांना विचारून घ्या. बाकी एकही शब्द बदलू नका.

एकटाकोडर

विचारलं, चालतंय. आज रात्री टाकतो.